बंपर आणि गुडविल

मोटारीच्या बाबतीत जगात दोन प्रकारची माणसं असतात. ज्यांच्याकडे मोटार असते ती, आणि ज्यांच्याकडे मोटारीविषयी मतं असतात ती. पहिल्या प्रकारच्या माणसांना पेट्रोल, विम्याचा हप्ता, गाडी लावायला जागा आणि मेहुण्याला स्टेशनवरून आणणे एवढ्या व्यापातून मतं बाळगायला सवड मिळत नाही. दुसऱ्या प्रकारची मंडळी मोकळी असतात. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो. माझ्याकडे स्कूटर आहे, आणि तीही किक मारण्यापूर्वी आजारी म्हशीसारखी एका कुशीवर कलंडवावी लागते. तेव्हा दोनच माणसांच्या, छप्पर उघडणाऱ्या, वाऱ्यावर केस उडवीत जाणाऱ्या विलायती मोटारींविषयी बोलायला जी अलिप्तता लागते ती माझ्यापाशी भरपूर आहे. केसांचा प्रश्नही आता फारसा उरलेला नाही.

या मोटारींच्या दुनियेत एक प्रकार असतो. गाडी तीच, नाव तेच. पण काही वर्षं झाली की कारखानदार तिच्या तोंडावरून हात फिरवतो. दिवे बदलतो, जाळी बदलतो, बंपर बदलतो. याला ‘फेसलिफ्ट’ म्हणतात. हे झालं रे झालं की तिचे भक्त असा काही आकांत करतात, की घरातली थोरली सून माहेरी गेली असती तर एवढा झाला नसता. त्यांतल्या निम्म्या लोकांकडे ती गाडी नसते आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांकडे जुनी असते. म्हणजे नव्या तोंडाचा दोघांनाही काडीचा उपद्रव नसतो.

आमचा पुतण्या या सगळ्यात मुरलेला आहे. एकदा त्यानेच मला विचारलं, “काका, कंपनीने स्वतःची गाडी बदलली तर लोकांच्या बापाचं काय जातं?”

प्रश्न उद्धट होता. पण बँकेत खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला प्रश्नाचा सूर सोडून त्यातला मजकूर तेवढा घेण्याची सवय असते. आणि मजकूर तर थेट धर्मशास्त्राचा होता. जी वस्तू आपली नाही, पण जिच्यावर आपलं प्रेम आहे, तिच्यावर आपला हक्क किती?

या खटल्यात माझ्या मते सर्वांत चांगली साक्ष एम्. जी. बी. नावाच्या गाडीची आहे. ही गाडी १९६२ साली इंग्लंडात, ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी जन्मली. एम्. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. दोन माणसं बसतील एवढी बैठक, पुढे लांबलचक बॉनेट, १७९८ सी. सी.चं इंजिन, आणि तोंडावर उभ्या पट्ट्यांची चकचकीत क्रोमची जाळी. किंमत बेताची. म्हणजे लॉर्डसाहेबांच्या गाडीसारखी दिसणारी, पण शाळामास्तराच्या आवाक्यातली. लोक तिच्या प्रेमात पडले ते इथेच. श्रीमंताच्या वस्तूचं आपण कौतुक करतो. प्रेम मात्र आपल्याला कधीतरी परवडेल अशा वस्तूवरच बसतं.

आपला आणि तिचा संबंध काय, असं कुणी विचारील. आहे, चांगला जवळचा आहे. आपली ॲम्बॅसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या पोटात वर्षानुवर्षं जे १४८९ सी. सी.चं पेट्रोल इंजिन धडधडत होतं, ते आणि एम्. जी. बी.चं इंजिन एकाच घराण्यातलं, ‘बी सिरीज’ नावाचं. एकाच आजोबांची दोन नातवंडं. एक शर्यतीच्या मैदानावर गेलं, दुसऱ्याने कलेक्टर कचेरीत नोकरी धरली. कलेक्टर कचेरीतल्याने २०१४ सालापर्यंत नोकरी केली, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एम्. जी. बी.च्या भक्तांवर पहिला घाव १९६९ साली पडला. ब्रिटिश लेलँड या नव्या मालकाने ती क्रोमची जाळी काढली आणि तिच्या जागी आत दबलेलं काळं तोंड बसवलं. हसऱ्या माणसाने कवळी काढून ठेवावी तसं ते दिसू लागलं. ओरड झाली, आणि १९७२ साली कंपनीने निराळी का होईना, पण ठसठशीत जाळी पुन्हा पुढे आणून बसवली. भक्तांना वाटलं, देव नवसाला पावतो.

आणि मग १९७४ साल उजाडलं.

त्या वर्षी शरद ऋतूत गाडीचे चकचकीत क्रोमचे बंपर गेले आणि पुढे-मागे काळेकुट्ट, जाडजूड, फुगीर बंपर आले. लोक त्याला रबरी बंपर म्हणतात. खरं म्हणजे तो पोलादी पट्टीवर चढवलेल्या पॉलियुरेथेनचा होता. पण ज्याच्यावर राग काढायचा त्याचं नाव सुटसुटीत असलेलं बरं. शिवाय गाडी सुमारे दीड इंचाने उंच झाली. वळणावर अंग सावरून धरणारा पुढचा आडवा दांडाही काढला गेला, आणि तो परत यायला १९७६ साल उजाडावं लागलं. तोवर देखणी, जमिनीलगत बसलेली ही गाडी धोतर वर खोचून चिखलातून चाललेल्या गृहस्थासारखी दिसत होती, आणि वळणावर चालतही तशीच होती.

हे केलं कुणी? अमेरिकेने. तिथल्या सरकारने १९७३च्या मॉडेलांपासून नियम केला की, ताशी पाच मैलांच्या वेगाने पुढून धडक बसली तरी गाडीचे दिवे वगैरे सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत. पुढच्या वर्षी मागच्या बाजूलाही तोच नियम आला. बंपर जमिनीपासून किती उंच असावा तेही ठरलं. ताशी पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. आमच्याकडे लग्नाची वरात याहून हळू जाते, आणि तरीही तिच्यात घोडा कुणाच्या तरी अंगावर जातोच. तेव्हा नियम काही अगदीच वेडगळ नव्हता. आणि एम्. जी. बी.चं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच होती. गाडीची नवी रचना करायला कंपनीकडे पैसा नव्हता. म्हणून तिने जुन्याच गाडीखाली उंचवटा दिला आणि पुढे काळा ठोकळा लावला. गंमत म्हणजे इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला असा कोणताच कायदा नव्हता. तरी त्याच्याही गळ्यात तेच बांधलं. कायदा अमेरिकेचा, आणि नाक इंग्रजांचं गेलं.

यानंतर एम्. जी. बी.च्या भक्तांत दोन पंथ पडले. क्रोम बंपरवाले आणि रबर बंपरवाले. आपल्याकडे शैव आणि वैष्णव निदान एकमेकांच्या घरी जेवायला जातात. इथे काही क्रोमवाले रबरवाल्यांची गाडी खरी मानायलाच तयार नव्हते. पुढे तर असंही झालं की, लोक रबरी बंपरची गाडी विकत घेऊन, तो उपटून, जुने क्रोमचे बंपर बसवून, गाडी पुन्हा दीड इंच खाली आणू लागले. कारखान्याने खर्च करून जे केलं ते यांनी खर्च करून पुसलं. दोन्ही खर्च शेवटी बंपर करणाऱ्याच्या खात्यात जमा. बँकेच्या दृष्टीने हा आदर्श व्यवहार म्हटला पाहिजे.

आता यांना हसायचं की नाही, हा प्रश्न आहे. मला हसू येता येता थांबतं, कारण असे लोक मी रोज पाहतो. आमच्या शाखेत पितळी टोकनं होती. ती जाऊन नंबराचा कागद देणारं यंत्र आलं. त्या दिवसापासून एक निवृत्त हेडमास्तर यंत्रावर नाराज. “टोकनाला वजन होतं हो,” ते म्हणत. “हातात धरलं की आपलं पैशाचं काम चाललंय असं वाटायचं. हा कागद घेऊन मी काय बसमध्ये बसलोय?” आमचे हेडकॅशिअर मला हळूच म्हणाले, “अहो, टोकन होतं तेव्हा हेच गृहस्थ ‘बिल्ला देऊन ताटकळत ठेवता’ म्हणून साहेबांकडे गेले होते!” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण काही दिवसांनी मास्तर एकटेच खिडकीशी आले आणि म्हणाले, “एखादं टोकन उरलं असेल तर ठेवायला द्याल का? सदतीस नंबर असेल तर बघा. आमची मंडळी होती तेव्हा पेन्शनला दोघं यायचो. तो एकदा मिळाला होता, आमच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली त्याच दिवशी.” टोकनं हिशेबातली असल्यामुळे देता आलं नाही.

तेव्हापासून तक्रार करणारा माणूस नेमकी कशाची तक्रार करतोय, हे मी तक्रारवहीत शोधायचं सोडून दिलं आहे. वहीत टोकन असतं. वहीबाहेर दुसरंच काहीतरी असतं. क्रोमच्या बंपरमध्येही कुणाचं विसावं वर्ष होतं, कुणाची कॉलेजातली मैत्रीण होती. बंपरमध्ये ती प्रतिबिंबं दिसत होती. रबरात प्रतिबिंब दिसत नाही.

पण प्रेम समजून घेणं निराळं आणि हक्क मान्य करणं निराळं. इथे मला माझं कॉमर्सचं शिक्षण उपयोगी पडलं. (आयुष्यात हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा भिशीच्या हिशेबात.) बी. कॉम.ला आम्हाला ‘गुडविल’ नावाचा धडा होता. गुडविल म्हणजे काय? लॉर्ड एल्डन नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने १८१० साली त्याची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा की, जुनं गिऱ्हाईक जुन्याच ठिकाणी येत राहील ही जी शक्यता, तिचं नाव गुडविल. हा धडा पाठ करून आम्ही पास झालो; पण त्यातली खुबी त्या वेळी कुणी सांगितली नाही. खुबी अशी की, गुडविल लिहिलेलं असतं दुकानदाराच्या ताळेबंदात आणि राहत असतं गिऱ्हाइकाच्या मनात. दुकान विकलं की गुडविलचे पैसे दुकानदाराला मिळतात. ज्याच्या मनात ते राहत होतं त्याला त्या मनाचं भाडंसुद्धा मिळत नाही.

मग त्याने निदान ओरडायचं की नाही? ओरडावं. माझ्या मते हा त्याचा हक्क आहे, आणि तो पोकळही नाही. जर्मनीच्या पोर्शे कंपनीचं उदाहरण घ्या. त्यांची ९११ ही गाडी १९६३ पासूनची, गोल दिव्यांची. १९९७ साली नवी पिढी आली. इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होऊ लागलं आणि गोल डोळ्यांच्या जागी खाली ओघळलेले दिवे आले, तेही कंपनीच्या स्वस्त गाडीशी जुळणारे. भक्तांनी त्यांचं नाव ठेवलं ‘तळलेलं अंडं’. २००२ च्या मॉडेलात कंपनीने दिवे बदलले, आणि २००४ साली पुढची पिढी आणली ती पुन्हा गोल डोळ्यांची. म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनातलं गुडविल अधूनमधून ताळेबंदात डोकावतं. पाणी मात्र इंजिनात राहिलं ते राहिलंच. डोळ्यांपुरतं भक्तांचं ऐकलं. काळजाचा निर्णय इंजिनिअरांनी घेतला. मला हा न्याय योग्य वाटतो.

ॲबिंग्डनची गोष्ट मात्र इतकी गोड नाही. ज्या रबरी बंपराला सगळे शिव्या देत होते, त्या बंपरामुळेच ती गाडी अमेरिकेत विकता येत होती. अमेरिकेत विकत होती म्हणून ॲबिंग्डनचा कारखाना चालू होता, आणि कारखाना चालू होता म्हणून त्या गावातल्या कामगारांच्या घरात दर आठवड्याला पगार येत होता. त्या काळ्या ठोकळ्याने दिवे वाचवले असतील-नसतील, सहा वर्षं चुली नक्की वाचवल्या. सुंदर नाकापायी माणसं उपाशी ठेवणं आणि माणसांपायी नाक कुरूप करून घेणं, यांत निवड करायची झाली तर मी नाकाच्या बाजूने उभा राहणार नाही. आणि त्या नाकाला नावं ठेवणाऱ्याने निदान एवढं विचारावं, की हे कुणी हौसेने केलं, आळसाने केलं, की नाइलाजाने केलं? हौसेचा आणि आळसाचा समाचार जरूर घ्यावा. नाइलाजाला टोमणा मारू नये. ठिगळ लावलेल्या सदऱ्यावर कुणी रंगसंगतीचं भाष्य करीत नाही.

पुढे पौंड वधारला, डॉलर उतरला, आणि अमेरिकेत गाडी विकण्यात फायदा उरेना. १९७९ च्या सप्टेंबरात ॲबिंग्डनमध्ये एम्. जी.ला त्या गावात पन्नास वर्षं झाल्याचा सोहळा झाला. पताका लागल्या, मिरवणूक निघाली. तो आटोपतो न आटोपतो तोच सोमवारी कंपनीने जाहीर केलं की कारखाना बंद करणार. सत्यनारायणाचा प्रसाद हातात असताना घरमालकाची नोटीस यावी, तसं. मग मात्र भक्त उठले. त्यांनी लंडनमध्ये आपल्या गाड्यांचा मोर्चा नेला. उपयोग झाला नाही. १९८० च्या ऑक्टोबरात शेवटची एम्. जी. बी. कारखान्याबाहेर पडली. अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या.

त्या मोर्चाबद्दल मला आदर आहे. पण मनात येतं, की जुनी गाडी जिवापाड जपणाऱ्याचं प्रेम कितीही खरं असलं तरी कारखान्याच्या पगारपत्रकात त्याची नोंद होत नाही. एकदा विकलेली गाडी कारखान्याला त्याच माणसाला पुन्हा विकता येत नाही. प्रेम जुन्यावर करायचं आणि नवं जिवंत राहावं अशी अपेक्षा ठेवायची, यात कुठेतरी खातं जुळत नाही. आपलंही असंच असतं. बंद पडणाऱ्या मराठी शाळेबद्दल हळहळणाऱ्या सभेत मी एकदा गेलो होतो. सभा उत्तम झाली. पोरांची बस यायची वेळ झाली म्हणून लवकर संपली. बस इंग्रजी शाळेची होती.

तरीही काळ मोठा विनोदी आहे. ज्या रबरी बंपरच्या गाड्यांकडे तोंड फिरवलं गेलं, त्या क्रोमवाल्यांपेक्षा स्वस्त राहिल्या. परिणाम असा झाला की, ज्याच्या खिशात फारसं काही नाही अशा तरुणाला या पंथात शिरायचा दरवाजा त्या काळ्या बंपरनेच उघडला. आता रबरी बंपर तसाच ठेवणारे, त्याचा अभिमान बाळगणारेही लोक आहेत. त्यांच्या विसाव्या वर्षी गाडीला तेच नाक होतं. आणि दुसरीकडे, १९८८ पासून इंग्लंडात जुन्याच साच्यांवर एम्. जी. बी.चे कोरे सांगाडे पुन्हा तयार होऊ लागले. गंजलेली गाडी सोडायची, तिचं इंजिन आणि बाकीचं सामान नव्या सांगाड्यात भरायचं, आणि म्हणायचं, ही तीच. इंजिन आधी बदललेलं, चाकं बदललेली, आता अंगही बदललं, तरी ‘तीच’!

तत्त्वज्ञांनी यावर ग्रंथ लिहिले आहेत. बँकेत आम्ही हा प्रश्न रोज दुपारी जेवायच्या सुट्टीआधी सोडवतो. वीस वर्षांपूर्वी खातं उघडलेल्या माणसाची सही बदलते, पत्ता बदलतो, फोटो तर ओळखूच येत नाही. जवळच्या शाखेत खातं नेलं तर शाखाही बदलते. आम्ही म्हणतो, खातं तेच. का? तर मधला व्यवहार कधी तुटलेला नाही म्हणून. एक नोंद दुसरीला जोडलेली आहे, कालची शिल्लक आज पुढे ओढलेली आहे. वस्तूचंही तसंच असावं. तोंड बदललं म्हणून ती परकी होत नाही; कुणी शिल्लक पुढे ओढायचं थांबवलं की होते. आज आपल्या रस्त्यांवरही अष्टकोनी चिन्हाच्या एम्. जी. गाड्या २०१९ पासून धावताहेत. नाव आता चिनी कंपनीकडे आहे, गाड्या उंच आणि ऐसपैस आहेत. ती तीच का? ज्याच्या मनात शिल्लक असेल त्याने ठरवावं. नाव विकता येतं. शिल्लक ज्याची त्यानेच ओढायची असते.

मात्र या सगळ्या प्रकरणात फेसलिफ्टची तक्रार करण्याचा हक्क चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाला कितपत आहे, याची मला शंका आहे. निसर्ग आपलं मॉडेल मध्येच बदलतो तेव्हा कुणाची परवानगी घेत नाही. पुढची क्रोमची चमक जाते, दिव्यांना जाड काचा बसतात, वळणावर तोल सांभाळणारा दांडा कुणीतरी काढून घेतो, आणि पुढच्या बाजूला ताशी पाच मैलांची धडक सहज सोसेल असा गोलसर बंपर आपोआप तयार होतो. लग्नाच्या वेळचं मॉडेल आणि आजचं मॉडेल शेजारी उभं केलं तर मोर्चाच निघायला हवा.

तरी संध्याकाळी बँकेतून घरी गेलो की आतून आवाज येतो, “आलात का? चहा टाकतेय.” लॉर्ड एल्डनने व्याख्या केली तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे दुकान होतं. पण जुनं गिऱ्हाईक जुन्याच ठिकाणी का येत राहतं, हे आमच्या घरी चहाला आला असता तर त्याला अधिक नीट कळलं असतं.